चुंबकाला न चिकटणारे

भंगाराच्या गोदामातलं सगळ्यात स्वस्त आणि तरीही सगळ्यात कामाचं यंत्र म्हणजे दोरीला बांधलेलं लोहचुंबक. बहुतेक वेळा ते फुटक्या स्पीकरमधून काढलेलं असतं; काळं, गोल, कडेला टवका उडालेलं. मोटारसायकलचं कव्हर, नळाची तोटी, जळालेल्या पंख्याची मोटर, जे हाती येईल त्याला ते लावायचं. ‘टक्’ झालं की तुकडा डावीकडच्या ढिगात. आवाज झाला नाही की निवडणाऱ्याचा हात थांबतो. तो तुकडा तळहातावर तोलून बघतो, कानशीचा एक फटकारा मारतो, आतला रंग उजेडात धरतो. लाल, पिवळा, पांढरा, राखाडी. इथून पुढे भाव लोखंडाच्या कित्येक पट असतो.

पुस्तकी मराठीत या न चिकटणाऱ्यांना लोहेतर किंवा अलोह धातू म्हणतात. भोसरी-चाकणच्या गाळ्यांत नुसतं ‘नॉन-फेरस’. दोन्ही नावं नकारातून आलेली. मूलद्रव्यांच्या तक्त्यात धातू नव्वदच्या आसपास आहेत, आणि त्यांतला एक नवरदेव, बाकी सगळे वऱ्हाडी, असा हा प्रकार आहे. वजनाच्या हिशेबात तो चुकीचाही नाही. जगभरात दरवर्षी जेवढा धातू तयार होतो, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा लोखंड आणि पोलादाचा असतो.

चुंबकाची परीक्षाही पूर्ण खरी नव्हे. निकेल लोहेतर आहे, तरी चिकटतं. उलट चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसच्या ताटात सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंडच असतं, पण त्यात मिसळलेल्या निकेलमुळे ते चुंबकाला दाद देत नाही. मुरलेल्या भंगारवाल्याला हे पाठ असतं. नवख्याचं पितळ पहिल्या महिन्यातच उघडं पडतं.

पिंपरी-चिंचवड म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पोलादी पत्रा, ट्रकची चासी, फोर्जिंगचे घण. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी हा पट्टा वाहनांच्या कारखान्यांनी भरत गेला आणि शतक बदलता बदलता चाकणपर्यंत पसरला. हा इतिहास नेहमी लोखंडाच्या अंगाने सांगितला जातो. पुढच्या पानांत तो वऱ्हाडाच्या बाजूने येईल. त्या बाजूची एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी: या सगळ्या पट्ट्यात तांब्याची, जस्ताची, शिशाची एकही खाण नाही. इथे धातू येतो, आकार घेतो, झिजतो, मोडतो, वितळतो आणि पुन्हा आकार घेतो. त्यामुळे इथली विद्या ओतण्याची आणि निवडण्याची आहे.

ही विद्या एमआयडीसीने आणलेली नाही. चाकणहून शिक्रापूरमार्गे पुढे गेलं की शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव लागतं. डेक्कन कॉलेजने 1968 पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती उजेडात आणली. त्या काळाला अभ्यासक ताम्रपाषाण युग म्हणतात; प्रत्यक्षात ताम्र थोडं आणि पाषाण फार, कारण तांबं तेव्हाही बाहेरूनच यायचं. पुढे सातवाहनांनी शिशाची आणि पोटीन नावाच्या मिश्रधातूची नाणी पाडली. शिवाजी महाराजांची शिवराई तांब्याची. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून नांदते आहे. तिथे तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन जे मठारकाम होतं ते नुसतं शोभेचं नसतं. ठोक्यांनी तांबं कडक होत जातं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ‘वर्क हार्डनिंग’ या नावाने शिकवला जाणारा धडा तांबट आळीत कानाने शिकतात: ठोक्याचा आवाज बदलला, की भांडं पुन्हा तापवून मऊ करायची वेळ झाली.

भाषेत तर हे धातू घासून घासून गुळगुळीत झाले आहेत. स्टीलचा असला तरी तांब्याच. लोखंडाच्या पत्र्याची असली तरी जस्ती बादली. तळपायाला तूप लावून घासायची ती काशाची वाटी. शिसपेन्सिलीत शिसं कधीच नव्हतं, ग्राफाइट होतं. मात्र ज्या छापखान्यांत मराठी मासिकं वाढली तिथले खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे होते. गावाकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आजही ‘जर्मन’ म्हणतात, कुठे ‘जर्मल’. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ नावाच्या मिश्रधातूत चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त, बस्स.

कल्हईचं उदाहरण तर हातात धरून बघण्यासारखं आहे. पितळेच्या उघड्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. म्हणून वर्षातून एक-दोनदा दारात भाता लागायचा. तापलेल्या भांड्यात कल्हईवाला नवसागराची पूड टाकी; पांढरा धूर उठे आणि पितळेवरचा काळपट थर निघून जाई. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो रुपेरी पाझर आतून झरझर फिरवायचा. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कोळशाच्या एवढ्याशा खड्ड्यावर काम भागत असे. आज हिंजवडीतल्या संगणकात आणि चाकणच्या मोटारीत जे सर्किट बोर्ड आहेत, त्यांवरचे सुटे भाग कथलाच्याच मिश्रधातूने डाख देऊन बसवलेले असतात, आणि तिथेही आधी फ्लक्स लावून पृष्ठभाग साफ करावा लागतो. भाता गेला, रसायनशास्त्र तेच राहिलं.

आजचे धातू पाहायचे तर लोणावळा लोकलसारखी सोय नाही. ही गाडी म्हणजे चालता-फिरता धातूंचा तक्ता आहे, फक्त स्टेशनांच्या पाट्या जरा वेगळ्या वाचाव्या लागतात.

खडकी: पितळ. इथला दारूगोळा कारखाना 1869 चा. काडतुसाचं कवच सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त अशा पितळेचं करतात. बार उडतो त्या क्षणी पितळ फुगून नळीला घट्ट बसतं, वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच किंचित आकसतं म्हणून रिकामं कवच ओढून काढता येतं. हे फुगणं-आकसणं इतक्या भरवशाने करणारा आणि शिवाय खोल दाबून आकार घेणारा धातू शोधायला सोपा नाही.

दापोडी: टंगस्टन. सँडविक ही स्वीडिश कंपनी इथे 1960 च्या दशकापासून आहे आणि ‘टंगस्टन’ हा शब्दही स्वीडिश. अर्थ ‘जड दगड’. हा धातू 3,422 अंशांना वितळतो, म्हणजे ओतायचा विचारच सोडा. म्हणून टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टच्या पुडीबरोबर दाबून, भाजून तिचे इन्सर्ट करतात. नखाएवढा हा तुकडा सीएनसीच्या हत्याराच्या टोकाला बसतो आणि पोलाद लोण्यासारखं सोलतो. एक धार बोथट झाली की ऑपरेटर इन्सर्ट फिरवून दुसरी पुढे आणतो. सगळ्या धारा संपल्या की तो कचऱ्यात जात नाही. मशीनशेजारच्या डब्यात पडतो, कारण त्या डब्याला किलोवर चांगली किंमत असते.

मग कासारवाडी. तांब्या-पितळेच्या भांड्यांचा आणि बांगड्यांचा धंदा करणाऱ्या कासारांचं नाव धारण करणारं हे स्टेशन बरोबर दापोडी आणि पिंपरी या दोन औद्योगिक वस्त्यांच्या मध्ये यावं, हा योगायोग लिहिणाऱ्याला सोडवत नाही.

पिंपरी: तांबं. फिनोलेक्स केबल्सचा कारखाना इथला. विजेची तार करायची तर आठ मिलिमीटर जाडीची तांब्याची सळई घेतात (रायगड जिल्ह्यात तळोज्याला हिंदुस्थान कॉपरचा अशा सळईचाच प्रकल्प आहे) आणि ती एकामागोमाग एक अशा बारीक होत जाणाऱ्या भोकांमधून ओढतात. सळई तुटत नाही, लांबत जाते. शेवटी केसासारखी तार हाती येते. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या एकसष्ट टक्के, पण घनता तीस टक्के. म्हणजे तेवढीच वीज न्यायला ॲल्युमिनियमची तार जाड लागते, तरी वजन निम्मंच भरतं. म्हणून माळरानावरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारा ॲल्युमिनियमच्या, आणि घराच्या भिंतीतल्या, मोटरीतल्या, जिथे इंच-इंच जागेची मारामार आहे तिथल्या तांब्याच्या.

चिंचवड: इथे एसकेएफचे बेअरिंग बनतात. बेअरिंग पोलादाचं, पण मोठ्या बेअरिंगमध्ये गोळ्यांना किंवा रोलरना एकमेकांपासून लांब ठेवणारा पिंजरा अनेकदा पितळेचा असतो. दोन पोलादी भाग एकमेकांवर घासले तर एकमेकांना खातात. मध्ये मऊ धातू असला की भांडण मिटतं. त्याच तत्त्वावर गनमेटलचे बुश चालतात. आणि चिंचवडमध्येच एक्साइडच्या बॅटऱ्या, म्हणजे शिसं. मोटार सुरू करणाऱ्या बॅटरीच्या वजनात अर्ध्याहून अधिक भाग शिसं आणि त्याची संयुगं असतात. या धातूबद्दल पुढे बोलावंच लागणार आहे.

आकुर्डी: ॲल्युमिनियम, आणि आता पुन्हा तांबं. बजाजची चेतक स्कूटर 1972 मध्ये आली. अंग पोलादी पत्र्याचं, पण इंजिनाचा खोका, पिस्टन, सिलिंडरचं हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचं. ज्यांनी ती घराच्या अंगणात खोलली, त्यांनी आयुष्यातलं पहिलं ‘कास्टिंग’ तिथेच हातात घेतलं. आकुर्डीतलं उत्पादन 2007 मध्ये थांबलं, काही काळात कंपनीने स्कूटरच सोडली. मग 2020 मध्ये चेतक परतली ती विजेवर, आणि 2022 मध्ये आकुर्डीतच तिच्यासाठी नवा कारखाना उभा राहिला. नाव तेच, अंगही पोलादीच. मात्र आतला पिस्टन गेला, कार्ब्युरेटर गेला, आणि त्यांच्या जागी मोटरीतले तांब्याचे वेढे आणि बॅटरीतलं लिथियम आलं. पेट्रोलच्या साध्या मोटारीत वीस-पंचवीस किलो तांबं असतं. बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीत ते ऐंशी किलोच्या घरात जातं. एका स्कूटरच्या दोन जन्मांत लोहेतर धातूंचं अख्खं स्थित्यंतर दिसतं, असं म्हणायला हरकत नाही.

चाकणला रेल्वे जात नाही. कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून वळायचं आणि मोशीच्या पुढे कंटेनरच्या रांगेत उभं राहायचं. रांगेत वेळ भरपूर मिळतो, म्हणून थोडं ॲल्युमिनियमबद्दल.

पृथ्वीच्या कवचात हा धातू लोखंडापेक्षाही जास्त आहे, पण ऑक्सिजनला इतका घट्ट धरून बसलेला की 1825 पर्यंत कुणी त्याला वेगळं करू शकलं नाही. नंतरही तो दागिन्याच्या मोलाचा राहिला. 1886 मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, वितळलेल्या मिठातून वीज सोडून तो मिळवायची एकच रीत शोधली आणि भाव कोसळला. आजही रीत तीच. चार टन बॉक्साइटातून दोन टन ॲल्युमिना, दोन टन ॲल्युमिनातून एक टन धातू, आणि प्रत्येक किलोमागे तेरा-चौदा युनिट वीज. कोल्हापूरच्या राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवरचं बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला वर्षानुवर्षं जात आलं. पण जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला या विजेच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा पुरते. चाकणच्या डाय कास्टिंगचं सगळं अर्थशास्त्र या पाच टक्क्यांवर उभं आहे.

डाय कास्टिंगच्या शेडमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याला आधी वास जाणवतो, मग धग. होल्डिंग फर्नेसमध्ये रस चांदीसारखा दिसतो. लोखंडाच्या रसासारखा लालभडक नव्हे. म्हणूनच तो धोक्याचा. साडेसहाशे अंशांवर असूनही अंगाला हात लावून बघावा इतका शांत दिसतो. पळीसारखा यांत्रिक लेडल त्यातून मापात रस उचलतो आणि शॉट स्लीव्हमध्ये ओततो. शेकडो टनांच्या जोराने डायची दोन अर्धुकं मिटलेली असतात. प्लंजर पुढे झेपावतो आणि पापणी लवायच्या आत रस डायच्या कानाकोपऱ्यात पोचतो. काही सेकंद थांबा. डाय उघडते, इजेक्टर पिना ढकलतात, आणि रनर-फ्लॅशच्या झालरीसकट वाफाळतं कास्टिंग बाहेर येतं. डायवर स्प्रेचा फवारा, की पुढचा शॉट. चांगली डाय लाखभर शॉट काढते. शिफ्ट संपेपर्यंत ऑपरेटरच्या कानात तोच ठेका बसलेला असतो: मिट, मार, थांब, उघड.

यात चुका दोनच प्रकारच्या, असं जुने फोरमन सांगतात: दिसणाऱ्या आणि मशीन शॉपमध्ये दिसणाऱ्या. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या दमटपणातून हायड्रोजन पितं. थंड होताना तो बाहेर पडायला बघतो आणि आत बारीक पोकळ्या सोडतो. कास्टिंग बाहेरून आरशासारखं. पुढे सीएनसीवर दोन मिलिमीटर छिलल्यावर ब्लो होल उघडं पडतं. तोवर ओतण्याची, घासण्याची, ड्रिलिंगची मजुरी त्यावर खर्च झालेली असते. म्हणून रसातून नायट्रोजन किंवा आर्गॉनचे बुडबुडे सोडून गॅस काढतात. पावसाळ्यात आणखी एक भीती असते: ओला इंगॉट किंवा ओलं भंगार रसात पडलं तर पाण्याची क्षणात वाफ होते, सोळाशे-सतराशे पट फुगते, आणि रस छपरापर्यंत उडतो. भट्टीच्या काठावर इंगॉट तापत ठेवलेले दिसतात ते याच कारणासाठी.

इथे सगळ्यात जास्त चालणारा मिश्रधातू म्हणजे ‘एडीसी बारा’. मूळ जपानी मानकातला. दहा-बारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन, दोन-तीन टक्के तांबं. सिलिकॉनमुळे रस पातळ होतो आणि बारीक फटीतही शिरतो. यात थोडं लोखंडही लागतं, आणि हा भाग मोठा मजेचा आहे. लोखंड म्हणजे ॲल्युमिनियमचा वैरी: जास्त झालं तर सुईसारखे स्फटिक होतात आणि कास्टिंग ठिसूळ बनतं. पण डाय पोलादाची असते आणि ॲल्युमिनियमला लोखंडाची भूक असते; रसात आधीच थोडं लोखंड नसेल, तर तो डायलाच चिकटून तिला खायला लागतो. वऱ्हाडातल्या या सगळ्यात मोठ्या मानकऱ्याला बांधून ठेवायला नवरदेवाचाच अंश लागतो.

जस्ताला ही खोड नाही. ते 420 अंशांच्या आतच वितळतं, म्हणून झमाकच्या (जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव) कास्टिंगसाठी प्लंजर सरळ रसात बुडवून ठेवता येतो आणि काम झपाट्याने होतं. कुलपं, हँडलं, बॅज, चकचकीत मुलामा दिलेलं जे-जे हातात जड लागतं, ते बहुधा हेच. जस्ताचं मोठं काम मात्र पोलादावर चढण्याचं. स्वतः गंजून पत्र्याला वाचवणारा हा धातू. मोटारींच्या पत्र्यांवर त्याचा थर असतो. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षाही हलकं. चाकणला ज्यांनी 2009 मध्ये कारखाना उघडला त्या फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल मोटारीच्या इंजिनाचा खोका मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असे. टायटेनियमची वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सापडते, पण तो धातू आपल्या पट्ट्यात पाहुणाच आहे.

चाकणचं चित्र सध्या बॅटरीने बदलतं आहे. बॅटरी जड, म्हणून तिच्याभोवतीचं सगळं हलकं हवं, आणि अपघातात चेपायलाही नको. हिंडाल्कोने 2025 मध्ये चाकणला बॅटरीचे ॲल्युमिनियमचे खोके बनवण्याचा कारखाना सुरू केला. ते महिंद्रच्या चाकणमध्येच तयार होणाऱ्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या विजेवरच्या गाड्यांना जातात. हे खोके ओतीव नसून साच्यांतून दाबून काढलेल्या लांब पट्ट्या आणि पत्रे जोडून होतात. तेव्हा इथल्या कामगाराला आता वेगळ्याच तऱ्हेच्या वेल्डिंगचा हात बसवावा लागणार.

आणि हे सगळं मोडल्यावर जातं कुठे? बरीच वर्षं त्याचं उत्तर होतं चिखलीजवळची कुदळवाडी. शेकडो एकरांवर पत्र्याच्या शेडांची दाटी, गल्ल्या ट्रकने अडलेल्या, आणि प्रत्येक शेडचा धातू ठरलेला. उत्तर भारतातून आलेले अनेक मजूर इथे निवडायला बसत. ॲल्युमिनियम आणि झमाक दिसायला भाऊ-भाऊ, पण झमाक दुप्पटीहून जड. तळहाताला ते लगेच कळतं. हाताचा अंदाज चुकला आणि थोडं जस्त ॲल्युमिनियमच्या भट्टीत गेलं, तर पुढच्या कारखान्यात स्पेक्ट्रोमीटरवर अख्खी हीट नापास होते. म्हणजे शेवटी लाखो रुपयांच्या यंत्राची भिस्त अंगठाबहाद्दराच्या तळहातावर. फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडीतल्या या शेडांवर मोठी कारवाई करून त्या पाडल्या. अनधिकृत बांधकामं, वारंवार लागणाऱ्या आगी, धूर आणि सांडपाणी ही कारणं खोटी नव्हती. पण भंगार त्यामुळे संपत नाही, फक्त पत्ता बदलतं. आणि निवडण्याची विद्या ज्या हातांत होती ते हातही पांगले, याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नसते.

या धंद्याची बोली ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या भंगार व्यापाऱ्यांनी तार पाठवताना शब्द वाचावेत म्हणून मालाला छोटी टोपणनावं दिली होती. ती जगभर चालली. ‘बेरी’ आणि ‘बर्च’ म्हणजे तांब्याच्या तारेच्या प्रती, ‘हनी’ म्हणजे पिवळं पितळ, ‘टेन्स’ म्हणजे ॲल्युमिनियमची मिसळ कास्टिंग. न्हावाशेव्याला उतरलेल्या कंटेनरच्या कागदावर ही नावं असतात आणि भोसरीचा व्यापारी ‘आज टेन्स काय भाव?’ असं कांद्याच्या सुरात विचारतो.

भाव लंडनहून येतो. तिथलं धातूंचं एक्स्चेंज 1877 चं. तीन महिन्यांच्या वायद्याची पद्धत पडली ती चिलीचं तांबं आणि मलायाचं कथील जहाजाने पोचायला साधारण तेवढा काळ लागे म्हणून. जहाजं वेगवान झाली, वायदा तीन महिन्यांचाच राहिला. मार्च 2022 मध्ये त्याच बाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर उसळला आणि एक्स्चेंजने त्या दिवसाचे व्यवहारच रद्द केले. जिथे स्टेनलेस घासलं जातं आणि निकेलचा मुलामा चढतो अशा गाळ्यांना त्या आठवड्यात कोटेशन द्यायचं की नाही, हेच कळेना.

राहिलं शिसं. बॅटरीचं शिसं परत मिळवणं हा पुनर्वापराचा जगातला सर्वांत यशस्वी प्रकार म्हणता येईल, कारण धातू 327 अंशांनाच वितळतो आणि बॅटरी सहज ओळखू येते. पण तेच सोपेपण घात करतं: परसात पातेलं मांडूनही हे काम होतं, आम्ल मातीत जातं आणि धूर मुलांच्या रक्तात. पेट्रोलमधलं शिसं 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद झालं. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम 2001 मध्ये आले, आणि 2022 च्या नव्या नियमांनी उत्पादकावर त्यांची जबाबदारी आणखी ठामपणे टाकली. नियम चांगले आहेत. जुनी बॅटरी दारावरच्या हातगाडीला देताना मिळणारे चार पैसे जास्त असतील, तर त्याचं कारण त्या गाडीवाल्याने आम्लाची विल्हेवाट लावायचा खर्च धरलेला नसतो, एवढं गिऱ्हाईकाने ओळखावं. केबल जाळून तांबं काढण्याचंही तसंच. सोलायचं यंत्र असतं. जाळणं फक्त स्वस्त पडतं. मुलाम्याच्या कारखान्यांतलं क्रोमियमचं सांडपाणी हा याच माळेतला पुढचा मणी, आणि ज्या इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी आहेत, तिच्याबद्दल बोलताना तो टाळता येत नाही.

आषाढी वारीसाठी तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते आणि दुसऱ्या दिवशी जुन्या महामार्गाने, कारखान्यांच्या फाटकांवरून पुढे जाते. पहिल्या पाळीचे कामगार फाटकाशी उभे असतात. शेकडो टाळ एकदम वाजतात. चांगला टाळ काशाचा, म्हणजे तांबं आणि कथील यांचा. कथील वाढवलं की नाद वाढतो, आणि ठिसूळपणाही. त्या मापाची ओतणी ज्याला जमली त्याला मेटॅलर्जी वेगळी शिकवावी लागत नाही.

वाचकांसाठी शेवटची एक सूचना. पुढच्या पानांत तापमान सेल्सिअसमध्ये आणि वजन किलो-टनात आहे. तांबं, पितळ, कासं, जस्त, शिसं, कथील ही नावं मराठीच ठेवली आहेत. इंगॉट, रनर, डाय, गनमेटल, टेन्स हे शब्द गाळ्यांत जसे बोलतात तसे येतील. त्यांना संस्कृत कपडे चढवलेले नाहीत. ॲल्युमिनियमला मात्र कुठेही ‘जर्मन’ म्हटलेलं नाही.